विमान ठेवायचे कुठे?

गेल्या वर्षी मार्च महिन्यात एका संध्याकाळी पेठहून फोन आला. आवाज ओळखीचा होता, पण बोलणे ऐकून मी चष्मा काढून पुसला; जणू त्याने ऐकू नीट येणार होते!

‘‘साहेब, नातवाला इमान घ्यायचंय. नाशकात कुठल्या दुकानात चांगलं भेटंल?’’

बँकेच्या पेठ शाखेत मी १९८९ ते १९९२ अशी तीन वर्षे होतो. नाशिकहून साधारण पंचावन्न किलोमीटर, सावळ घाट आणि कोटंबीचा घाट ओलांडला की पेठ. पुढे रस्ता धरमपूरकडे, गुजरातेत उतरतो. पावसाळ्यात चार महिने आभाळ जमिनीला टेकलेले. भात, नागली, वरई ही पिके आणि पाऊस सरला की दिंडोरी, निफाड, ओझरच्या द्राक्षबागांकडे निघालेल्या माणसांनी भरलेल्या जीपगाड्या. फोनवरच्या म्हाताऱ्याला मी त्या काळात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून बैलजोडीसाठी कर्ज दिले होते. शेवटचा हप्ता भरायला तो भर पावसात इरलं घेऊन आला होता आणि पावती मिळेपर्यंत काउंटरसमोरून हलला नव्हता. पुढे मी बदलून गेलो, निवृत्त झालो, कादंबऱ्या लिहू लागलो. पण दर वर्षी आंब्याच्या दिवसांत त्याच्याकडची करंडी येतच राहिली. अशा माणसाचा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

उलगडा झाला तो असा. विमान म्हणजे कॉम्प्युटरवर चालवायचे विमान, फ्लाइट सिम्युलेटर. नातू सोळा वर्षांचा, अकरावीत शिकणारा. हे वेड कुठून आले, याचेही उत्तर होते. तो लहान असताना आई-वडील छाटणीला, डिपिंगला, विरळणीला ओझरच्या बाजूला जात. पोराला वेलीखाली फडक्यावर बसवत. ओझरला हिंदुस्तान एरॉनॉटिक्सचा कारखाना आहे. १९६४ साली तो मिग-२१ विमानांसाठी उभा राहिला, पुढे तिथे सुखोई-३० होऊ लागली. चाचणीला निघालेले सुखोई डोक्यावरून गेले की बागेतली माणसे कानांवर हात ठेवीत. हे पोर मात्र हात सोडून वर बघत राही. आईने त्याचे हे वर बघणे लक्षात ठेवले होते. छाटणीच्या मजुरीतून तिने, नवऱ्याने आणि नणंदेने मिळून पासष्ट हजार रुपये बाजूला काढले होते. ‘‘मोबाइलवर बघून बघून डोळं घालवण्यापरीस एकदाच काय ते धड घेऊन देऊ,’’ असे तिचे म्हणणे.

आता गंमत पाहा. पेठ या शब्दाचा अर्थच बाजार. आणि त्या बाजाराच्या गावाहून मला विचारणा होत होती की बाजार कुठे आहे.

भात्यावर उडणारे विमान

सिम्युलेटर म्हणजे पोरांचा खेळ, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. मलाही वाटे. पण या वस्तूचे मूळ आपल्या पेटी-तबल्याच्या घराण्यातले आहे, हे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण होता. वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना. उड्डाण शिकणे महाग, म्हणून त्याने १९२९ साली ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून एक लाकडी खोके तयार केले. त्यात बसून दांडा हलवला की भाते फुगत, आकसत आणि खोके विमानासारखे कलत असे. सुरुवातीला जत्रेतल्या पाळण्यापलीकडे त्याला कोणी किंमत दिली नाही. १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम आले, धुक्यात आणि अंधारात लागोपाठ अपघात होऊन तरुण वैमानिक मेले, तेव्हा लष्कराने अशी सहा खोकी विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिकांनी त्यात धडे गिरवले. आपल्या पेटीचा भाता सूर देतो, त्याच्या या विलायती भावाने माणसे वाचवली.

घरच्या कॉम्प्युटरवर विमान आणले ते ब्रूस आर्टविक या अभियंत्याने. त्याच्या प्रोग्रामची मायक्रोसॉफ्टने विकलेली पहिली आवृत्ती १९८२ सालची. मी ते पहिल्यांदा पाहिले १९९३ च्या सुमारास, बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात. दिवसभर आम्हाला लेजर पोस्टिंग मशीनचे धडे मिळत आणि संध्याकाळी एक तरुण अधिकारी खिशातून फ्लॉपी काढून आमच्यापुढे विमान उभे करी. शिकागोच्या तळ्याकाठचा मीग्ज फील्ड हा विमानतळ, दोन रेघांची धावपट्टी, चार रेघांची इमारत. मी सहा वेळा तळ्यात पडलो. पुढे मार्च २००३ मध्ये शिकागोच्या महापौरांनी रातोरात यंत्रे लावून ती खरी धावपट्टी उखडून टाकली. पण ज्यांच्याकडे जुन्या फ्लॉप्या आहेत, त्यांचे विमान आजही तिथे उतरते. एखादी गोष्ट आपल्याजवळ असणे म्हणजे काय, या प्रश्नाशी माझी गाठ तिथे पहिल्यांदा पडली असावी.

दुकाने आणि काउंटर

एका रविवारी आजोबा, त्यांचा मुलगा आणि नातू असे तिघे नाशिकला आले. मुलगा पिकअप चालवतो. भाजी उतरवून तो थेट माझ्याकडे आला होता. आम्ही महात्मा गांधी रोडकडे निघालो. पहिल्याच दुकानात मालकाने पोराच्या हातात पेनड्राइव्ह ठेवला. ‘‘तीनशे रुपये. सगळी विमानं, सगळे विमानतळ. कशाला हजारो घालवता?’’ पोराच्या बापाचा चेहरा उजळला. मी पेनड्राइव्ह परत केला. चोरीचा माल, हे एक कारण होतेच. दुसरे व्यवहाराचे होते. अशा नकलेत काय काय मिसळलेले आहे हे सांगता येत नाही, ती सुधारून मिळत नाही आणि बिघडली तर दाद मागायला जागा नसते. खोट्या नोटेने भाजी मिळेल, खाते उघडता येणार नाही.

दुसऱ्या दुकानात काचेचे कपाट पुढे आले. आत लाल-निळे दिवे फिरत होते. किंमत एक लाख चाळीस हजार. ‘‘शून्य टक्के व्याजाचे हप्ते आहेत, काका.’’ मी पस्तीस वर्षे कर्जे दिली. शून्य टक्के व्याजाचे कर्ज मी तरी पाहिलेले नाही. व्याज कुठल्या तरी कोपऱ्यात बसलेले असते, कधी प्रक्रिया शुल्कात, कधी हुकलेल्या सवलतीत. शिवाय दिव्यांनी विमान उडत नाही. दुकानाचे नाव कशाला घ्या, तेही आपला धंदा करीत होते.

घरी येऊन चहा झाल्यावर मी वहीत तीन नावे लिहिली.

पहिले फ्लाइटगिअर. जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून घडवलेले, नव्वदच्या दशकात सुरू झालेले, पूर्णपणे मोफत. चित्रे साधी, पण विमान विमानासारखे वागते.

दुसरे एक्स-प्लेन. ऑस्टिन मायर या वैमानिक-अभियंत्याने १९९५ पासून वाढवलेले. बारावी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली. हे विकत घ्यावे लागते; पण आधी नमुना मोफत मिळतो, त्यात मुदत आणि प्रदेश मर्यादित असतो.

तिसरे मायक्रोसॉफ्टचे, सर्वांत देखणे. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या आवृत्तीत उपग्रहांच्या आणि विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून सगळी पृथ्वी उभी केली होती. त्यासाठी डिस्कवर दीडशे जीबी जागा मागत. युरोपात ती दहा डीव्हीडींच्या संचातही विकली गेली. पुढची आवृत्ती १९ नोव्हेंबर २०२४ ला आली. तिला जागा पन्नास जीबी पुरते, कारण बरेचसे जग ती उडता उडता इंटरनेटवरून ओढून घेते. पहिल्याच दिवशी जगभरची गिऱ्हाइके एकदम आली आणि कंपनीची यंत्रे गुदमरली. पैसे भरलेले लोक तासन् तास एका टक्क्याकडे बघत बसले, कंपनीने माफी मागितली.

घ्यायचे कुठून, याचे उत्तर आता रस्त्यावरच्या दुकानात नाही. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे ऑनलाइन दुकान आहे, स्टीम नावाचे मोठे दुकान आहे, आणि एक्स-प्लेन त्याच्या कर्त्यांकडून थेटही मिळते. दिसायला माल तोच, पण काउंटर वेगळे आणि नियमही वेगळे. एका ठिकाणी घेतलेले दुसऱ्या ठिकाणी आपोआप येत नाही. स्टीमवर घेतलेली वस्तू चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी वापरली असेल तर परत करता येते. पण २०२० साली काहींची अशी तक्रार होती की विमान उतरवून घ्यायलाच दोन तासांहून अधिक लागले आणि तो वेळही वापरात मोजला गेला. आपल्याकडच्या इंटरनेटचा वेग बघता ही बारीक अक्षरे आधी वाचलेली बरी.

पण खरा मुद्दा याहून मोठा आहे. या कुठल्याही काउंटरवर तुम्ही वस्तू विकत घेत नाही. तुमच्या नावाच्या खात्यावर एक परवानगी जमा होते. खाते गेले की विमान गेले. म्हणून माझा पोराला पहिला प्रश्न बँकेचा होता, ‘‘खातं कुणाच्या नावावर?’’

पोर गडबडले. त्याचा ई-मेल पेठच्या एका इंटरनेटवाल्याने उघडून दिला होता आणि ओटीपी त्या इंटरनेटवाल्याच्या मोबाइलवर जात होता! म्हणजे उद्या छाटणीच्या मजुरीतून घेतलेल्या विमानाची किल्ली तिसऱ्याच माणसाच्या खिशात. माझ्या नोकरीत अशी पुष्कळ पासबुके मी सावकारांच्या कपाटातून सोडवून आणली आहेत. आम्ही तिथल्या तिथे नवा ई-मेल उघडला, आईचा मोबाइल नंबर दिला, पासवर्ड वहीत लिहिला. आजोबा म्हणाले, ‘‘वही सातबाऱ्याच्या पेटीत ठेवू.’’ याहून चांगली जागा मला सुचली नसती.

बैल कुठे बांधायचा?

पैसे लगेच खर्च करायचे नाहीत, असे ठरले. माझ्या मुलाचा जुना कॉम्प्युटर घरी पडून होता. त्यावर फ्लाइटगिअर घातले. महिनाभर दर रविवारी पोर बापाच्या पिकअपमधून यायचे आणि दुपारपर्यंत उडायचे. हा माझा कर्जापूर्वीचा पाहणी अहवाल होता म्हणा. पहिल्या रविवारी त्याने विमान डोंगरावर आपटले, दुसऱ्या रविवारी तलावात. तिसऱ्या रविवारी मी डुलकी घेऊन उठलो तर तो विमान न उडवता नुसता धावपट्टीवर उभा होता आणि एकेक घड्याळ बघून वहीत त्याचे काम लिहीत होता. उंची, वेग, दिशा, तेल. मी मनात अर्जावर ‘मंजुरीस योग्य’ असा शेरा मारला.

आणि इथेच माझ्या मनात लबाडी शिरली. मी सुचवले की नवा कॉम्प्युटर माझ्याच फ्लॅटमध्ये ठेवू. मुलगा पुण्याला, त्याची खोली रिकामी. इथे फायबरचे इंटरनेट आहे, वीज सहसा जात नाही, मायक्रोसॉफ्टचे ते देखणे जग इथे छान चालेल. पोराने दर रविवारी यावे. सगळे मुद्दे बिनतोड होते. न सांगितलेला मुद्दा एवढाच होता की रविवारी घरात कुणी तरी असणे मला आवडू लागले होते.

आजोबांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, ‘‘साहेब, तुम्ही बैलाचं कर्ज दिलंत, तवा बैल काय बँकेत बांधला व्हता?’’

मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतका गप्प बसल्याचे आठवत नाही. बैल शेतकऱ्याच्या दावणीलाच हवा. रविवारी चार तास मिळणारे विमान ही सहल झाली. रोज संध्याकाळी गुरांना चारा घालून झाल्यावर अर्धा तास मिळणारे विमान हा अभ्यास. यंत्र पेठलाच ठेवायचे ठरले.

एकदा जागा ठरली, की कुठले घ्यायचे हा प्रश्न आपोआप सुटत गेला. आपण नेमके उलटे करतो. आधी सर्वांत देखणी वस्तू निवडतो आणि मग ती घरात बसत नाही म्हणून घराला नावे ठेवतो. मायक्रोसॉफ्टची नवी आवृत्ती किमान दहा एमबीपीएसचे इंटरनेट मागते आणि चांगली चालायला पन्नास. पेठला त्यांच्या घरी मोबाइलची रेंज अंगणातल्या ठरावीक दगडावर उभे राहिले तर मिळते, आणि पावसात तीही जाते. तेव्हा जे विमान स्वतःच्या डिस्कवर राहते, तेच त्यांच्या कामाचे. एक्स-प्लेनची एक सोय मला फार पटली. जगाचे कोणते तुकडे उतरवून घ्यायचे, ते आपल्याला निवडता येतात. सगळे जग शंभर जीबीच्या वर जाते. आम्हाला ग्रीनलंडची गरज नव्हती. परवाना तपासण्यापुरते अधूनमधून इंटरनेट लागते, तेवढे दगडावर उभे राहून मोबाइलवरून होते. ते आम्ही कर्त्यांकडून थेट घेतले. मधला काउंटर जितका कमी, तितकी भानगड कमी.

यंत्र एका तिसऱ्या दुकानात जुळवून घेतले. दिवे नाहीत. सोळा जीबी मेमरी, एसएसडी डिस्क, वापरलेले पण वॉरंटी शिल्लक असलेले ग्राफिक्स कार्ड, साधी जॉयस्टिक आणि चांगल्यापैकी यूपीएस. विमानाच्या किमतीसकट पासष्ट हजारांतून बाराशे रुपये उरले. त्याची पावती मी पोराच्या आईच्या नावे करायला लावली.

एस. टी.तून आकाश

विमान मात्र माझ्याच फ्लॅटमध्ये उतरले. दोन रात्री माझे फायबर भारतीय उपखंड ओढत बसले होते. मग ते सगळे तळहाताएवढ्या बाहेरच्या एसएसडीवर घेतले. एक्स-प्लेनचा संपूर्ण संसार एकाच फोल्डरमध्ये असतो, तो उचलून दुसऱ्या यंत्रात ठेवला तरी चालतो. यंत्र पिकअपमधून आधीच गेले होते. एसएसडी मी स्टीलच्या डब्यात, टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन एस. टी.ने पेठला निघालो. शेजारच्या बाईंनी विचारले, ‘‘डब्यात काय हाय?’’ मी म्हटले, ‘‘खाऊ.’’ हिमालयापासून श्रीलंकेपर्यंत सगळे डब्यात आहे, असे सांगितले असते तर बाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या असत्या.

आता ठेवायचे कुठे, याचा दुसरा अंक सुरू झाला. घर कौलारू. कॉम्प्युटरवाल्या पोरांनी चित्रात दाखवतात तशी खिडकीजवळची जागा धरली होती. आजोबांनी काठीने छत दाखवले. ‘‘हितं ज्येष्ठात गळतं. हितं श्रावणात. त्या आढ्याखाली कधीच नाय.’’ चाळीस पावसाळ्यांची नोंदवही होती ती. चुलीचा धूर आणि भाताचा कोंडा, दोन्हींपासून दूर, मधल्या भिंतीला जुन्या खाटेच्या फळ्यांचे टेबल झाले. वायरमनने अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून धड अर्थिंग केले. विमानाच्या खर्चात अर्थिंगचे दीड हजार कुणी धरत नाही आणि मग पहिल्या विजेला यंत्र बळी जाते. शिल्लक बाराशे तिथे गेले, वरचे तीनशे आजोबांनी कनवटीचे काढले.

यंत्राच्या आतही जागा नेमकी हवी. विंडोजची प्रोग्रामसाठी जी राखीव जागा असते तिथे एक्स-प्लेन ठेवू नये. नंतर एखादे नवे विमान किंवा विमानतळ घालायला गेले की विंडोज पहारेकऱ्यासारखी अडवते. डेस्कटॉपवर ठेवले आणि तो डेस्कटॉप ऑनलाइन साठवणीला जोडलेला असेल, तर यंत्र ते सगळे जीबी ढगात चढवायच्या मागे लागते. पेठच्या रेंजवर ते एवढे कधी चढणार! म्हणून ‘डी’ ड्राइव्हवर ‘विमान’ नावाचे स्वतंत्र फोल्डर केले. धान्याची कणगी वेगळी, माणसांची वेगळी, एवढाच त्यातला नियम.

कंट्रोलर, पडदा, आवाज जुळवता जुळवता संध्याकाळ झाली. घरात शेजारपाजारची पंधरा-वीस माणसे जमली. पोराने यादीतून व्ही-ए-ओ-झेड हा संकेत शोधला. तो ओझरचा. ज्या धावपट्टीवरून उठलेली सुखोई त्याने वेलीखाली बसून पाहिली होती, तिच्यावर एक छोटे चार आसनी सेसना उभे राहिले. आईने पदराला हात पुसले आणि ती मागे जाऊन उभी राहिली.

विमान उठले, पश्चिमेला वळले. नाशिकहून पेठला एस. टी.ला दीड-दोन तास लागतात. ओझरहून हवेतून हे अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, सेसनाला पंधरा मिनिटे. खाली ठरीव साच्यातली झाडे, ठरीव घरे. कुणीतरी विचारले, ‘‘आपलं घर कुठंय?’’

‘‘घर नाय दिसणार,’’ पोर म्हणाले. ‘‘ह्याच्यात फोटो नसतात. रस्ते आन् डोंगर खरे, बाकी त्याच्या मनचं.’’

लोकांचा थोडा हिरमोड झाला. मलाही वाटून गेले की माझ्या फ्लॅटमध्ये ते दुसरे विमान असते, तर कदाचित अंगणातला आंबासुद्धा दाखवता आला असता. तेवढ्यात आजोबा पडद्याजवळ सरकले. करड्या-हिरव्या उंचवट्यांची एक रांग हळूहळू पुढे येत होती. त्यांनी बोट टेकवले. ‘‘हा कोटंबीचा घाट. न् ही त्याच्या मागली सोंड. हितून उजवीकडं घे.’’ पोराने घेतले. पुढे रस्त्याची बारीक रेघ आली, रेघेला फाटे फुटले. ‘‘आलं पेठ,’’ आजोबा म्हणाले. तिथे दहा-बारा खोटी घरे होती. पण सगळ्यांनी मान डोलावली.

दोन रकाने

इथवर वाचून एखाद्या वाचकाला वाटेल की आता हा मुलगा वैमानिक होणार. निवृत्त का होईना, मी बँकेचा माणूस आहे. हिशेब दाखवल्याशिवाय उठणार नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला आपल्याकडे वय अठरा पूर्ण लागते आणि दोनशे तासांचे उड्डाण. घरच्या कॉम्प्युटरवर हजार तास उडवले तरी त्यातला एकही तास त्यात धरला जात नाही. धुळे, बारामती, गोंदिया इथे शिकण्याची सोय झाली. पण खर्चाचे आकडे अर्ध्या कोटीच्या आसपासचे ऐकू येतात. जे. आर. डी. टाटांनी १९२९ साली देशातला पहिला वैमानिक परवाना मिळवला आणि १९३२ साली १५ ऑक्टोबरला कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ते जुहूला उतरले, तेव्हा उडणे हे श्रीमंतांचे काम होते. जवळजवळ शंभर वर्षांनी ते तितकेसे स्वस्त झालेले नाही. घरच्या सिम्युलेटरने काही वाईट सवयीही लागतात, असे शिक्षक सांगतात. नजर बाहेर आभाळात असावी, ती घड्याळांवर खिळते. पोटात गोळा येणे हे कुठल्याच जॉयस्टिकने शिकवता येत नाही.

हे सगळे मी त्याला आणि त्याच्या आईला स्पष्ट सांगितले आहे. शिष्यवृत्तीचे, कर्जाचे रस्ते कठीण आहेत, बंद नाहीत, हेही सांगितले आहे. आणि विमानाच्या जवळ जाण्याची वाट फक्त कॉकपिटमधून जात नाही. ओझरच्या कारखान्यात आयटीआय झालेल्या मुलांनाही उमेदवारी मिळते, हेसुद्धा. आईने ऐकून घेतले. म्हणाली, ‘‘व्हईल ते व्हईल. गणितात त्येचं चाळीसचं सत्तर झालंय, मला ते बी पुरतं.’’

पावसाळ्यात मी पुन्हा एकदा पेठला गेलो. धो धो पाऊस, आणि आढ्याखालचे यंत्र कोरडे ठणठणीत. आम्ही बसलो असतानाच वीज गेली. यूपीएस किंचाळू लागला. यूपीएसवर दहा मिनिटे मिळतात. पोराने घाई केली नाही. इंजिन बंद पडल्याचा सराव करतो, म्हणाले आणि वलसाडकडच्या एका मोकळ्या माळावर विमान अलगद टेकवून त्याने यंत्र बंद केले.

मग कंदिलाच्या उजेडात त्याने वही काढली. दोनशे पानी, पट्टीने आखलेली. तारीख, कुठून कुठे, किती वेळ, काय चुकले. शेवटी दोन रकाने होते. एकावर लिहिले होते ‘कॉम्प्युटरवर’, दुसऱ्यावर ‘खऱ्या विमानात’. पहिल्या रकान्याची बेरीज एकशे बेचाळीस तास वीस मिनिटे. दुसऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीला त्याने न चुकता शून्य लिहिले होते आणि पानाच्या तळाशी त्याचीही बेरीज मांडली होती. शून्य.

आयुष्यभर मी लोकांची खाती तपासली. नसलेली शिल्लक दाखवणारे पुष्कळ पाहिले. नसलेली शिल्लक रोज नीट मांडून ठेवणारा, आणि तिच्यासाठी रकाना राखून ठेवणारा, हा पहिलाच. मी बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली. बरोबर होती. खिशातले पेन काढून पानाच्या कोपऱ्यात, जुन्या सवयीने, ‘तपासले’ असे लिहून सही केली.